गुत्त्याचा हिशेब

मराठवाड्यात ‘गुत्ता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आजही बोलण्यात चालतात. रस्त्याचे, पुलाचे किंवा शाळेच्या इमारतीचे काम अंगावर घेणाऱ्या गृहस्थास छत्रपती संभाजीनगरापासून नांदेडपर्यंत सर्वत्र ‘गुत्तेदार’ म्हणतात, कारण गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. परंतु अमका मनुष्य संध्याकाळपासून गुत्त्यावर बसला आहे असे कुणी सांगितले, तर तो दारूच्या दुकानात बसला आहे हे ऐकणाऱ्यास समजावून द्यावे लागत नाही. दुकानास त्यातील मालाचे नाव न मिळता सरकारशी झालेल्या कराराचे नाव मिळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या राज्यात अमुक गावी, अमुक मुदतीपर्यंत, दारू विकण्याचा हक्क हर्रास पुकारून सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्यास दिला जात असे, त्या राज्यातील रयतेच्या दृष्टीने त्या दुकानाची खरी ओळख तो मक्ता हीच होती. शब्द आपला जन्मदाखला असा स्वतःच जवळ बाळगतात.

या एका शब्दावरून ध्यानात येण्यासारखी गोष्ट ही, की आपल्या समाजात दारूचा हिशेब कधीच ठेवला गेला नाही असे म्हणणे खरे नाही. तो शतकानुशतके अत्यंत काटेकोरपणे ठेवला गेला. मात्र तो महसुलाच्या बाजूचा हिशेब होता. किती पिंपे भरली, किती बाटल्या बाहेर पडल्या, त्यांवर सरकारजमा किती झाली, हे सर्व दफ्तरी दाखल आहे. त्या बाटल्या ज्या शरीरांत रिकाम्या झाल्या त्यांचे पुढे काय झाले, कुटुंबाच्या मिळकतीतील किती भाग त्यापायी गेला आणि किती माणसे अकाली गेली, या दुसऱ्या बाजूचे रकाने मात्र फार उशिरा आखले गेले. तो दुसरा हिशेब सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि त्या अंमलात आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक होते. ‘आबकारी’ हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी आणि कारी म्हणजे काम, अर्थात् मद्य गाळण्याचा व विकण्याचा व्यवसाय व त्यावरील कर. हैदराबाद संस्थानाचा आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्या काळी पिणे मुख्यतः दोन प्रकारचे होते : मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू, आणि शिंदीच्या झाडाचा आंबवलेला रस, ज्यास हैदराबादकडे सेंधी म्हणत. या दोहोंतील अंतर आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शिंदीच्या रसात मद्यार्काचे प्रमाण अल्प, तो फार वेळ टिकत नाही, आणि म्हणून ज्या दिवशी काढावा त्याच दिवशी संपवावा लागतो. गाळलेल्या दारूत मद्यार्क अनेक पटींनी अधिक, ती महिनोन्महिने टिकते, दूर नेता येते, साठवता येते. ऋतू आणि झाड यांनी पिण्यावर घातलेली मर्यादा ऊर्ध्वपातनाच्या भट्टीने काढून टाकली; आणि पुढे उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याची कारखानदारी आली तेव्हा ती मर्यादा जवळजवळ नाहीशीच झाली.

मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा करून १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आणली, त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे राज्यातील दारूबंदी क्रमाक्रमाने सैल होत गेली आणि परवान्याची दुकाने रूढ झाली. परंतु मूळ कायदा रद्द झालेला नाही. आजही महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास कायद्याने परवाना लागतो, आणि सौम्य मद्यासाठी २१ व तीव्र मद्यासाठी २५ वर्षांची किमान वयोमर्यादा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. आणि त्याच वेळी मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे त्यावरील उत्पादन शुल्क व विक्रीकर हे राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या मोठ्या उत्पन्नांपैकी आहेत. महाराष्ट्राने २०२५ च्या जूनमध्ये मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या अधिक महसुलाची अपेक्षा सांगण्यात आली. कर्तव्य एका दिशेने आणि तिजोरी दुसऱ्या दिशेने ओढते, ही अडचण कोणत्याही एका सरकारची नाही. ती निजामाच्या काळापासूनची आहे.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न अधिक जवळून दिसतो, कारण हे शहर मद्य पिणारेच नव्हे तर मद्य निर्माण करणारेही आहे. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतून बिअरचे आणि इतर मद्याचे मोठे कारखाने उभे आहेत, आणि त्यांचा माल देशभर जातो. त्यांना लागणारे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, ज्या जलाशयावर शहराचे घसेही अवलंबून आहेत. २०१६ च्या भीषण दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. पाणी, मळी, रोजगार आणि महसूल या चारही धाग्यांनी या जिल्ह्याचे अर्थकारण मद्याशी बांधलेले आहे. म्हणूनच येथे या विषयाचा विचार आवेशापेक्षा मोजमापाने व्हावयास हवा.

मोजमापास आरंभ करताना पहिला प्रश्न येतो तो असा, की पितात किती लोक? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी ०.४ टक्क्यांनी आपण मद्य घेतो असे सांगितले. सबंध देशाचे आकडे अनुक्रमे १८.८ आणि १.३ टक्के होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय पाहणीत मात्र देशातील १० ते ७५ वयाच्या पुरुषांपैकी २७.३ टक्के मद्य घेतात असे आढळले. दोन आकड्यांतील ही तफावत पाहून वाचकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. वयोगट निराळे, विचारण्याची पद्धत निराळी. शिवाय घरच्या ओसरीवर, बायकामुलांच्या देखत, अपरिचित पाहणीकारास ‘होय, मी पितो’ असे सांगणे कोणास सोपे असते? अशा सर्वेक्षणांतील आकडा हा सहसा वास्तवाचा तळ असतो, माथा नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

परंतु या आकड्यांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते : आपल्याकडे बहुसंख्य लोक मद्यास स्पर्श करीत नाहीत. मोठा आकडा धरला तरी चार पुरुषांपैकी सुमारे तीन आणि जवळजवळ सर्व स्त्रिया त्यापासून दूर आहेत. मग चिंता कशाची? चिंता या गोष्टीची, की जे थोडे लोक पितात ते पुष्कळ पितात. आयुर्विज्ञान संस्थेच्या त्याच पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांपैकी ५.७ कोटींना त्यापासून उपद्रव होत असून साहाय्याची गरज आहे, आणि त्यांतील २.९ कोटी तर मद्यावर पूर्णपणे अवलंबून झालेले आहेत. म्हणजे पिणाऱ्या तिघांपैकी एकास मद्य बाधत आहे. युरोपातील काही देशांत पिणारे बहुसंख्य आहेत आणि जेवणाबरोबरच्या वाइनच्या पेल्यावर त्यांतील पुष्कळांचे भागते. येथे पिणे अल्पसंख्याकांचे, पुरुषांचे, आणि मुख्यत्वे गाळलेल्या तीव्र मद्याचे. दोन समाजांची दरडोई सरासरी एकच निघाली, तरी हानी एक निघणार नाही. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढ्या माहितीवर तिच्यात उतरणारा मनुष्य डोहाचा विचार करीत नाही; दरडोई सरासरीचेही तसेच आहे.

आता जवळून एक दृश्य पाहू. पगाराचा दिवस आहे. वाळूजच्या रस्त्यावर दुसरी पाळी नुकतीच आत गेली आहे आणि पहिल्या पाळीचे कामगार बाहेर पडले आहेत. देशी दारूच्या दुकानाच्या जाळीपुढे चारसहा माणसे उभी आहेत. त्यांतील एक जण पैसे आत सरकवतो, १८० मिलिलिटरची बाटली, जिला सारे ‘क्वार्टर’ म्हणतात, हाती घेतो. शेजारच्या टपरीवरून पाण्याचा एक पाऊच आणि खारे शेंगदाणे घेतो. प्लॅस्टिकच्या पेल्यात निम्मी बाटली ओतून, त्यात पाऊचमधले पाणी घालून, उभ्या उभ्या दोन घोटांत संपवतो. उरलेली निम्मी त्याच रीतीने. सकाळच्या डब्यानंतर पोटात अन्न गेलेले नाही. दहा मिनिटांत सर्व आटोपते, रिकामी बाटली भिंतीशी ठेवली जाते आणि मनुष्य घराची वाट धरतो. येथे मैफल नाही, गप्पा नाहीत, चव घेणे नाही. थकलेल्या शरीरास शक्य तितक्या लवकर बधिर करणे एवढाच हेतू आहे.

या दहा मिनिटांचे गणित मांडण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटना मद्याचे माप ग्रॅममध्ये करते आणि १० ग्रॅम शुद्ध मद्यार्कास एक प्रमाण पेय मानते. ज्या बाटलीवर मद्यार्क ४२.८ टक्के असे छापलेले असते, तीतील ३० मिलिलिटरचा लहान पेग घेतला तर त्यात जवळजवळ बरोबर १० ग्रॅम मद्यार्क येतो. म्हणजे अशा १८० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम, अर्थात् सहा प्रमाण पेये. बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत, ती ५ टक्क्यांची असल्यास, सुमारे २५ ग्रॅम. आणि ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी ८ टक्क्यांची असल्यास ४० ग्रॅमांहून थोडा अधिक, म्हणजे चार पेग. बिअर म्हणजे दारू नव्हे, अशी जी समजूत महाविद्यालयीन तरुणांत आढळते, तिचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

साठ किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी ही बाटली अल्पावधीत घेतली, तर त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १२० ते १५० मिलिग्रॅम मद्यार्क चढू शकतो. मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्यास घालून दिलेली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे घराकडे निघालेल्या त्या मनुष्याने मोटारसायकलीची किल्ली फिरवली, तर तो मर्यादेच्या चौपट-पाचपट मद्य रक्तात घेऊन बीड बायपासच्या किंवा जालना रस्त्याच्या रहदारीत शिरतो. यकृत हे विष तासाला साधारणतः सात-आठ ग्रॅम एवढ्याच गतीने जाळू शकते. ही गती लिंबूपाण्याने, काळ्या चहाने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा ओकारी काढून वाढत नाही. साठ ग्रॅम जाळण्यास आठ-नऊ तास लागतात. रात्री उशिरा घेतलेली दारू पहाटे पहिल्या पाळीच्या बसमध्ये चढतानाही बहुधा पुरती उतरलेली नसते, आणि कारखान्यात प्रेसच्या साच्याखाली हात घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत या अर्धवट उतरलेल्या दारूची किंमत बोटांनी मोजली जाते.

शरीरात मद्यार्काचे रूपांतर प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या द्रव्यात होते आणि नंतर निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये. पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांच्यामधले ते द्रव्य पेशींतील जनुकद्रव्यास इजा करणारे आहे. यकृताच्या पेशी मद्यार्क जाळण्यात गुंतल्या म्हणजे चरबी जाळण्याचे त्यांचे नित्याचे काम मागे पडते आणि यकृतात मेद साठू लागतो. रोज पिणाऱ्यांत हा पालट जवळजवळ सर्वांत आढळतो, परंतु त्याची वेदना नसते आणि पिणे थांबवल्यास तो बहुधा भरून येतो. निसर्गाने दिलेली ही मुदत पुष्कळ जण वाया घालवतात, कारण दुखत नाही तोवर बिघडलेले नाही असा आपला समज असतो. त्यापुढे काहींच्या यकृतास सूज येते, आणि सुजेचे व्रण वर्षानुवर्षे साचत जाऊन अखेर यकृत कठीण व आक्रसलेले होते. मग पोटात पाणी होते, डोळे पिवळे पडतात, रक्ताच्या उलट्या होतात. तो टप्पा गाठल्यावर मागे फिरण्याची वाट फार अरुंद उरते.

मद्याचा मार यकृतापुरताच असतो ही समजूतही चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यास मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. महाराष्ट्रात ही गोष्ट अधिकच गंभीर ठरते. कारण येथील ३३.८ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले, आणि मुखाच्या व घशाच्या कर्करोगात तंबाखू आणि मद्य यांच्या धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एका खिशात गुटख्याची पुडी आणि दुसऱ्यात क्वार्टर असलेला मनुष्य हा गुणाकार रोज करीत असतो. क्षयाचेही तसेच : रोज ४० ग्रॅमांहून अधिक मद्यार्क घेणाऱ्यास क्षय होण्याचा संभव सुमारे तिप्पट असतो, आणि औषधाच्या मात्रा चुकवण्याकडे त्याचा कलही अधिक. रक्तदाब, मेंदूतील रक्तस्राव, स्वादुपिंडाचा दाह, नैराश्य, आत्महत्या, अपघात यांचा यादीत समावेश केला म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने जगभर २०१९ या एका वर्षी मद्यामुळे २६ लाख मृत्यू झाल्याचे जे अनुमान काढले आहे, त्याचा अर्थ लागतो. आरोग्यास मुळीच अपाय न करणारे असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे या संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले.

येथे गरिबीचा एक कठोर नियम सांगितलाच पाहिजे. दोन माणसांनी अगदी समान मद्य घेतले, तरी त्यांतील निर्धनास होणारी इजा अधिक असते, असे अनेक देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. अपुरे अन्न, उपाशीपोटी पिणे, अंगमेहनत, तंबाखूची जोड आणि दवाखान्यात उशिरा पोचणे ही त्याची उघड कारणे होत. पैशाचा हिशेबही तसाच. २०२५ च्या वाढीव दरांनुसार देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत ८० रुपये आहे. रोज एक घेणाऱ्याचे महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये जातात. ज्या घरात मुलीची शाळेची फी, भाड्याची खोली आणि गॅसचे सिलिंडर यांची दरमहा ओढाताण चाललेली असते, त्या घरात एवढी रक्कम म्हणजे एक जादा तोंड पोसण्यासारखे आहे, आणि ते तोंड कधीही तृप्त न होणारे आहे.

ज्यांनी थेंबही घेतला नाही त्यांच्या हानीचा रकाना तर याहून मोठा आहे. ज्या स्त्रियांचे पती वारंवार झिंगून घरी येतात, त्यांतील सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीच्या हातून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणास सांगितले. पती मद्य न घेणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. दारू हे मारहाणीचे एकमेव कारण नव्हे, हे त्या दुसऱ्या आकड्यावरूनही कळते; परंतु दोन आकड्यांतील अंतर डोळ्यांआड करता येणार नाही.

मराठी मनात मद्यपानाचे चित्र ज्याने कायमचे कोरले, ते राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये, नाटककाराच्या निधनानंतर महिन्याभरात, रंगभूमीवर आले. सुधाकर आणि सिंधू यांच्या शोकांतिकेने तीन-चार पिढ्यांस रडवले, आणि त्या नाटकाच्या नावातच प्रमाणाचा प्रश्न आहे. परंतु सुधाकर या एका बुद्धिमान वकिलाचा अधःपात डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे मद्य हा एकेका दुर्बळ व्यक्तीचा दोष आहे, अशी दृष्टी आपल्याला नकळत लागली. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टी निराळी असते. सली लेदरमान या फ्रेंच अभ्यासकाने १९५६ मध्ये असे प्रतिपादन केले, की समाजातील एकंदर मद्यसेवन आणि त्यातील अतिसेवन करणाऱ्यांची संख्या या दोन गोष्टी परस्परांशी बांधलेल्या असतात. एकंदर खप वाढला की अट्टल पिणारेही वाढतात. त्याच्या सूत्राच्या तपशिलावर पुढे मतभेद झाले, तरी मूळ विचार टिकला. जेफ्री रोझ या इंग्रज वैद्याने १९८५ मध्ये त्याचे मर्म अधिक व्यापक रीतीने सांगितले : हा मनुष्य आजारी का पडला, आणि या समाजात इतकी माणसे आजारी का पडतात, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर त्या मनुष्याच्या स्वभावात, घरात, दुःखात सापडेल. दुसऱ्याचे दुकानांची संख्या, बाटलीची किंमत, विक्रीची वेळ आणि जाहिरात यांत सापडते.

ही दुसरी दृष्टी आपल्या मातीस अपरिचित नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पिणाऱ्यास दोष देऊन ते थांबले नाहीत. त्यांचे बोट दुकानांच्या संख्येवर होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाव्यापी दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदीमुळे चोरटी विक्री वाढते, हातभट्टी फोफावते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. चोरट्या दारूत मिथेनॉल मिसळलेले असले तर शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल बनून दृष्टी जाते, प्राणही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत अशा दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले. परंतु याच कारणासाठी वैध दुकाने बेसुमार असावीत असे सिद्ध होत नाही. किंमत वाढवणे, दुकाने व वेळ मर्यादित ठेवणे आणि जाहिरात रोखणे, हे तीन उपाय खप कमी करण्यास सर्वाधिक उपयोगी पडतात असे जागतिक अनुभव सांगतो. त्यांच्या जोडीस चोरट्या दारूचा कठोर बंदोबस्त लागतो, आणि उपचारही लागतात.

उपचारांचा रकाना आपल्याकडे जवळजवळ कोरा आहे. मद्यावर अवलंबून झालेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकास कोणतीतरी मदत मिळते, असे आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणीत आढळले. यात अज्ञानाचा वाटा मोठा आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एखाद्या पवित्र दिवशी शपथ घेऊन दारू एकाएकी सोडली, तर काही तासांतच हात कापू लागतात, दरदरून घाम फुटतो; पुढच्या एकदोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन नसलेले आवाज व आकृती भासू लागतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. घरचे लोक तिला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे धावतात, किंवा ‘याला दारूच मानवते’ असे म्हणून पुन्हा पेला हाती देतात. वस्तुतः दवाखान्यात, योग्य औषधे आणि थायामिन हे जीवनसत्त्व देऊन, हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयासारख्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणाने सहस्रावधी कुटुंबांस मार्ग दाखवला आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकी, जेथे नाव न सांगता आपली हकिगत सांगता येते, महाराष्ट्रभर भरतात. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा तसेच १४४१६ हा मानसिक आरोग्याचा शासकीय दूरध्वनी निःशुल्क आहे. व्यसन हा आजार आहे, त्यास उलटण्याची खोड आहे, आणि पुन्हा घसरलेल्या माणसास पुन्हा उपचार द्यावयाचे असतात, जसे मधुमेहाच्या रोग्यास देतो.

रुग्णालयांच्या वॉर्डांतून, यकृताच्या रोग्यांच्या खाटांशेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : रोज एकच घेत होते, साहेब, जास्तीची नाही. त्या खोटे बोलत नसतात. त्यांच्या हिशेबात एक म्हणजे एक बाटली, आणि ती एक बाटली सहा पेये असते हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नसते. एवढे एक माप घरोघरी, कारखान्यांच्या फाटकांवर आणि महाविद्यालयांतून माहीत झाले, तरी पुष्कळ यकृते वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचतील. कारण मेद साठलेले यकृत भरून येते, आक्रसलेले येत नाही, आणि या दोहोंमधील वर्षे तीच आपल्या हातची वर्षे आहेत.

गुत्ता म्हणजे करार, हे आरंभी सांगितले. त्या करारावर सरकार आणि गुत्तेदार या दोघांच्याच सह्या असत. ज्या घरांतून त्याची रक्कम शेवटी वसूल व्हायची त्या घरांस विचारण्याची चाल नव्हती. आता मात्र महाराष्ट्राच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील स्त्रिया आपल्या वस्तीतील दुकानावर गुप्त मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली, तर दुकान बंद होते. मतदानास न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजली जाते, म्हणून ही अट सोपी नाही. रोजंदारी बुडवून, दडपण सोसून त्यांना केंद्रापर्यंत यावे लागते. तरीही अनेक गावांनी ती पुरी केली आहे. त्या कागदावर शिक्का मारणारी बाई मद्यार्काचे ग्रॅम जाणत नसेल, सर्वेक्षणाचे आकडे तिने वाचले नसतील. परंतु दुसऱ्या बाजूचा सारा हिशेब तिला तोंडपाठ असतो, आणि त्या जुन्या करारावर तिसऱ्या पक्षकाराची निशाणी तेव्हा प्रथम उमटते.